खारेपाटातली भरलेली बंदूक

पेण

पेणला माणसं गणपती बघायला जातात. मी गेले ती बंदूक बघायला.

आमच्या साताऱ्याच्या घरात अकरा कार्बाइन आहेत. कार्बाइन म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक. घोड्यावर बसून लांब नळी सांभाळत नाही म्हणून पायदळाच्या बंदुकीपेक्षा ही हातभर तोकडी असते. डाव्या अंगाला एक लोखंडी दांडी आणि त्या दांडीत सरकणारी कडी. ती कडी स्वारानं आपल्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवायची, मग दोन्ही हात लगामाला मोकळे. माझे यजमान गुरांचे सरकारी डॉक्टर होते. घोड्यांच्या नादानं ते या बंदुकांच्या नादाला लागले. संस्थानांच्या शिलेखान्यांतला मोडीचा माल, जुन्या सरदारांचे लिलाव, कुठे कुठे जाऊन त्यांनी एकेक कार्बाइन आणली, एकेकीचा रीतसर परवाना काढला. तेलपाणी मात्र माझ्याकडे. तीसेक वर्षं दर दिवाळीच्या आधी मी भांडी घासावीत तशा त्या बंदुका पुसल्या.

गेल्या श्रावणात हे गेले. संग्रह एका वस्तुसंग्रहालयाला द्यायचा हे आमचं आधीच ठरलं होतं. तेवढ्यात पेणहून सदूभाऊंचा फोन आला. सदूभाऊ मूर्तिकार. आमच्या घरचा गणपती त्यांच्याच कारखान्यातला, आणि त्या निमित्तानं ह्यांची आणि त्यांची जुनी दोस्ती.

"वहिनी, माधवरावांना मी कासूकडची एक बंदूक सांगितली होती. आठवते का? आता पोलीसपाटील म्हणतो, ठाण्यात जमा करा. जमा झाली की गेली. तुम्ही येता का?"

आठवत होती. 'यंदा दिवाळीनंतर जाऊ,' असं हे दर दिवाळीला म्हणत. मी एसटीत बसले ते त्यांची बंदुका साफ करायच्या अवजारांची पिशवी बरोबर घेऊनच.

पौष महिना होता. सदूभाऊंच्या कारखान्यात गणपतींच्या ओळीच्या ओळी उभ्या होत्या, सगळे पांढरेधोट, अजून डोळे न आखलेले. मी दारातच थबकले. आमच्याकडे गणपती भाद्रपदात घरी येतो तो हसऱ्या डोळ्यांनी. तो इतके महिने असा न बघता उभा असतो हे कधी मनातही आलं नव्हतं. सदूभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. ह्यांच्याबद्दल ते एकच वाक्य बोलले, "फार दिवस राहून गेलं बघा." तेवढंच बरं वाटलं. भेटायला येणारे आमच्याकडे फार बोलतात.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेली मिरगुंडं होती. आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं. तांदळाची भाकरी मऊसूत, पांढरी, तोंडात कधी गेली ते कळतच नाही. सदूभाऊंच्या मंडळींनी मला आग्रह करकरून वाढलं. "वहिनी, खारेपाटात चालायचंय उद्या," त्या म्हणाल्या, "अर्धपोटी माणूस तिकडं बांधावरनं घसरतो."

मी पोटभर जेवूनही घसरलेच, ते पुढे येईल.

कासूच्या पलीकडे, खाडीकडे

कासूला गाडीतून उतरलो आणि पश्चिमेला चालू लागलो. आमच्याकडे रान म्हटलं की वर बघायचं, डोंगराकडे. इथे, खाडीकाठच्या या खारेपाटात, बघायला वर काहीच नाही. सपाट शेतं, कापलेल्या भाताची धसकटं, मधूनच वालाची हिरवी पट्टी, आणि लांबवर मातीचा एक लांबलचक बांध. बांधात शेतातलं पाणी सोडायचं दार, त्याला इथे उघाडी म्हणतात; पलीकडे खाडी. भरती आली की खाडीचं पाणी अलीकडच्या शेतांपेक्षा उंच असतं, असं सदूभाऊ म्हणाले, तेव्हा माझा विश्वास बसेना. म्हणून बांधावर चढून बघायला गेले आणि उतरताना पाय सरकून गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. सदूभाऊंनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, मिळाली नाही. दुसरीही तिथेच काढून ठेवली आणि अनवाणी गावात शिरले. त्यामुळे एक झालं. हिराबाईंनी मला पहिल्यांदा बघितलं ते चिखलाच्या पायांनी, आणि त्या लगेच पाणी घेऊन धावल्या.

हिराबाई सत्तरीच्या. बारीक, ताठ, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. घरात एकट्या राहायच्या. मी त्यांना मावशी म्हटलं, त्या मला बाय म्हणू लागल्या.

"बंदुकीवाली बाय तूच काय? मना वाटला कुनी साहेब येल."

"साहेब गेले, मावशी. श्रावणात."

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. "मंग तू पाय धू," त्या म्हणाल्या. "चाय ठेवते."

बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली होती. सदूभाऊंनी खाली काढली. गोणपाट सोडलं आणि मला हुंदकाच आला, कारण ह्यांनी ती बघायला हवी होती. नळीवर गंज होता, दस्त्याला चीर होती, पण डाव्या बाजूची दांडी आणि कडी जशीच्या तशी. नळीच्या तोंडाशी दारू ठासायचा गज बिजागरीनं जोडलेला, घोडा उधळला तरी स्वाराच्या हातून पडू नये म्हणून. हिराबाईंच्या सासऱ्यांचा आजा पुण्याच्या रिसाल्यात मोतद्दार होता, घोडे धुणारा. रिसाल्यात नव्या बंदुका आल्या तेव्हा जुन्या विकायला काढल्या, त्यातली ही एक. दांडी-कडी इतकी शाबूत असलेली या जातीची कार्बाइन आमच्या अकरांत नाही.

"रानडुकरावर वापरायचे का?" मी विचारलं.

"नाय गो. इथं डुकर कुठला? ही बांधाची बंदूक."

आणि मग त्यांनी सांगितलं.

पावसाळ्यात अमावास्या-पुनवेला खाडीला उधाण येतं. तेव्हा बांधावर पाळीपाळीनं राखण असते. बांधाला कुठे खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की राखणदारानं बार काढायचा. बार ऐकला की गाव घमेली, पेंढा, लाकडाचे खुंट घेऊन धावतं. लहान असताना खांड बुजते. मोठी झाली की कुणाच्या बापाला बुजत नाही, आणि खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोनतीन वर्षं भात होत नाही. बंदूक हिराबाईंच्या घरची म्हणून दारू भरून तयार ठेवणं हे त्यांचे यजमान गोमाबाबा यांचं काम. पाचसहा पावसाळ्यांपूर्वी एका उधाणाला राखणीची पाळी गोमाबाबांचीच होती. पण त्यांच्या मुलीला, कमलला, रोह्याला मुलगा झालेला, त्याचं बारसं होतं. आजा बारशाला गेला. राखणीला गेला त्यांचा धाकटा मुलगा, जनार्दन. सगळे जना म्हणायचे. लग्न ठरलेलं होतं.

"दुपारची भरती. खांड पडली," हिराबाई म्हणाल्या. "जनानं चाप वढला. वरची ठिनगीची टोपी फुटली, आतला बार नाय झाला. गाव लांब. धावत येतोय तवर खांड मोठी व्हनार. तो एकटाच पेंढं घेऊन खांडीत उतरला."

चुलीवरचा चहा उतू गेला. त्यांनी तो उतरवला, फडक्यानं चूल पुसली.

"अंगनात पानी आला तवा गावाला कळलं. बंदूक बांधावर उबी करून ठेवलेली, तिचा घोडा पडलेला. जना दुसऱ्या दिवशी गावला, उघाडीच्या दाराशी."

त्यानंतर कुणी त्या बंदुकीला हात लावला नव्हता. पंचनाम्याला आलेल्यांनी तिला नुसतं बघितलं आणि घरच्यांच्या ताब्यात दिलं. मी गज उलटवून नळीत सोडला. तळाला टेकायच्या चार बोटं आधीच तो थांबला. माझ्या हाताला ते कळलं. बंदूक भरलेली होती. त्या दिवशी जी दारू पेटली नाही ती अजून आतच होती.

"व्हय, भरलेलीच हाय," हिराबाई म्हणाल्या. "बाय, गावात दोन बोलनी हायत. कोन बोलतो जनाला बंदूक येत नव्हती. कोन बोलतो बापानं दारू ओली ठेवली. म्हातारा बारशावरनं आला, ह्या वट्यावर बसला. म्हयनाभर बसला. मी त्याला एक शब्द बोलले नाय. मंग तोच उठून लेकीकडं गेला तो आजवर." त्या थांबल्या. "तुला समजल काय, दारू ओली व्हती का कोरडी?"

समजलं असतं. कोरडी राहिलेली दारू दाणेदार निघते. ओलावलेली वाळून ढेकूळ झालेली असते. पण भरलेल्या ठासणीच्या बंदुकीचा, ती कितीही जुनी असो, भरवसा नसतो. आधी नळीत पाणी ओतायचं, दारू पार भिजवायची, मग गजाच्या टोकाला पिळाचा काटा लावून आतला ऐवज ओढून काढायचा. माझे यजमान एवढं केल्याखेरीज कधी हात लावत नसत. पाणी ओतलं की जीव सुरक्षित, पण मग ओली का कोरडी ते जन्मात कळणार नाही.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. आणि पुढे म्हणाले, "मावशी, न भिजवता काढून बघते मी. तुम्ही दोघं लांब उभे राहा."

"वहिनी, वेड लागलंय का?" सदूभाऊ एकदम ओरडले. "माधवरावांनी तुम्हाला हे करू दिलं असतं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. साताऱ्याच्या रिकाम्या घरात परत जायचं होतं. तिथे माझ्या जिवाची काळजी करणारं कुणी बसलेलं नव्हतं. मी अंगणात गोणपाट पसरलं, नळी माझ्यापासून तिरकी धरली, काटा गजाला लावला.

हिराबाई घरात गेल्या. परत आल्या त्या पितळेचा तांब्या घेऊन. माझ्या हातातली बंदूक त्यांनी काढून घेतली, भिंतीला उभी केली आणि नळीत पाणी ओतलं. हळू ओतलं, एक थेंब बाहेर सांडला नाही. नळी तोंडापर्यंत भरली.

"ऱ्हाव दे," त्या म्हणाल्या. "झाला तितका पुरे झाला."

मला वाटलं, त्यांनी माझा जीव वाचवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिराबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

पाणी मुरेपर्यंत आम्ही जेवलो. शेजारणीनं पाहुणी आली म्हणून तळ्यातला जिताडा पाठवला होता. हा मासा इथे जावयाला खिलवतात. आम्ही ब्राह्मण नसलो तरी माझ्या माहेरी मासे नव्हते, सासरी मटण असायचं. काटे कसे काढायचे ते हिराबाईंनी मला बोटानं दाखवलं. मासा गोड होता.

मग मी काट्यानं आतलं ओढून काढलं. आधी गोणपाटाचा गोळा, मग काळं चिखलासारखं पाणी. अंगणात ते ओघळलं, मातीत जिरलं. हिराबाईंनी त्यावर केरसुणी फिरवली.

बंदूक घ्यायची तर गोमाबाबांची संमती हवी होती, परवाना त्यांच्या नावाचा. मी आणि सदूभाऊ दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन येतो म्हणालो. हिराबाईंनी लुगडं बदलायला घेतलं.

"मीबी येतंव," त्या म्हणाल्या.

रोहा

बंदूक रिकामी करून पोलीसपाटलाच्या घरी ठेवली आणि सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं निघालो. नागोठणं गेलं तसे डोंगर जवळ आले, आणि मला जरा आपल्या गावाकडे आल्यासारखं वाटलं. हिराबाई खिडकीशी बसल्या होत्या. "लेक कितीदा बोलवते, मीच जात नाय," इतकंच म्हणाल्या.

कमल रोह्यात कुंडलिका नदीच्या अंगाला राहते. तिचा नवरा कंपनीत. सेकंड शिफ्टला निघायच्या गडबडीत होता. त्यानं सासूला दारात बघितलं आणि हातातला डबा खाली ठेवला. "अगं, आई आल्यात," एवढंच ओरडला. कमल बाहेर आली, आईला बघून भिंतीला टेकली. नुसती रडत राहिली.

गोमाबाबा मागच्या पडवीत खाटेवर बसलेले होते. एका बाजूचा हात लुळा पडलेला. जुना मोठा हाडापेराचा माणूस, आता नुसता सापळा. त्यांनी हिराबाईंना ओळखलं, आणि पहिली गोष्ट काय केली, तर चांगल्या हातानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

सदूभाऊंनी बंदुकीचं सांगितलं. मी कोण, ते सांगितलं. म्हातारा ऐकत होता, पण डोळे बायकोवरून हलत नव्हते.

"भरलेली हाय ती," ते मला म्हणाले. जीभ जड झाली होती. "जपून, बाई."

"आता नाही, बाबा. काल रिकामी केली."

त्यांचा चेहरा असा झाला, की मला माझं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं ते या दिवसाची वाट बघत असणार, आणि या दिवसाला भीत असणार. ते विचारणार होते आणि विचारवत नव्हतं.

हिराबाईंनीच सांगितलं. खाटेजवळ जमिनीवर बसून. "बाय काढून बघनार व्हती, ओली का कोरडी. मी पानी ओतलं नलीत. आता कुनालाच कळायचं नाय."

कमल चहाचे कप घेऊन आली होती ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"ओलीच व्हती गो," गोमाबाबा म्हणाले. "आदल्या उधानाला भरलेली. पाऊस नळीत जातो, बदलाया पायजे व्हती. बारशाची घाई. बोललो, आल्यावर बदलू." त्यांनी चांगल्या हातानं खाटेची कड धरली. "पोराला वाटला आसंल, बापानं भरलेली हाय, बार व्हनारच."

हिराबाईंनी मान हलवली.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तवाच ठाव व्हतं. जना खुंटीवरनं बंदूक काढत व्हता तवा मी चुलीशी बसलेले. तोंडाशी आला व्हता माज्या, की दारू बदलून ने. मंग वाटलं, कशाला लागतोय बार, उन पडलंय चांगलं. नाय बोलले." मग अगदी खालच्या आवाजात, "म्हनून ओतलं पानी. सगला दोष निस्त्या तुमच्याच अंगावर कवापतूर टाकू?"

गोमाबाबा रडले. म्हातारी माणसं रडतात तसं, आवाज न करता, तोंड वासून. हिराबाईंनी पदरानं त्यांची लाळ आणि डोळे एकदमच पुसले. मी आणि सदूभाऊ उठून पुढच्या अंगणात गेलो. मूर्तिकार माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

संमती मिळाली. "बाईंना देऊन टाक," गोमाबाबा म्हणाले, "घरात नको." आम्ही ती रात्र कमलकडे राहिलो. बारशाचा नातू आता शाळेत जातो. त्यानं आजीला ओळखलं नाही आणि मग पाचच मिनिटांत तिच्या मांडीवर जाऊन बसला.

सकाळी निघताना हिराबाईंनी विचारलं, "घरी येताव?"

म्हाताऱ्यानं लुळा हात मांडीवर ओढून घेतला. "आपल्या घरच्या पडवीतनं बांध दिसतो," ते म्हणाले.

"दिसतो."

"मंग नको."

त्यांनी आग्रह केला नाही. लेकीला म्हणाल्या, "पेज पातळ करून देत जा त्यांना, ठसका लागतो," आणि चालू लागल्या.

परत कासू

सदूभाऊंना रोह्यात रंगाच्या दुकानात काम होतं, ते मागे राहिले. परतीच्या गाडीत आम्ही दोघीच. मला पेणला उतरून साताऱ्याची एसटी धरायची होती. पुढचं सांगून टाकते: बंदूक यथावकाश आली, परवान्याचं काम होऊन. गोमाबाबा पावसाळ्याच्या तोंडावर रोह्यातच गेले. तोवर हिराबाई तीनचारदा जाऊन राहून आल्या होत्या, असं कमलनं कळवलं. बांध बघायला ते परत आले नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी गाडीत हिराबाई पुन्हा खिडकीशी बसल्या. मला वाटलं, त्यांना हलकं वाटत असेल. तसं म्हणालेही.

"हलका कसला, बाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं राग व्हता सोबतीला. सकाली उठलं की राग, भाकरी थापताना राग. म्हातारा घरात नव्हता तरी त्याच्याशी भांडत असायची मी. आता घरी जायाचं, तं घरात कोनच नाय."

कासू आलं. त्या उठल्या, पिशवी घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरल्या. फलाटावर त्यांनी मागे वळून बघितलं नाही. माझं तिकीट पेणचं होतं. गाडी हलायच्या आत मी ह्यांची पिशवी खांद्याला लावली आणि उतरले.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. घरी आल्यावर कुलूप काढलं, दार उघडलं, चूल पेटवली आणि सुपात तांदूळ घेतले. मुठीनं घेतले, थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि आणखी एक मूठ टाकली.